सैनिकाचे आजारपण ही दयेची नव्हे, हक्काची बाब आहे

गेल्या वर्षावासात बीड तालुक्यातील एका विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनास मी गेलो होतो. वाचन आटोपल्यावर एक निवृत्त हवालदार आणि त्यांच्या पत्नी माझी वाट पाहत ओसरीवर थांबले. चोवीस वर्षे सैन्यात काढलेला हा गृहस्थ. बांधा अजून धिप्पाड. परंतु चालताना पाय भुईला घासत होते आणि उजवा हात मांडीवर निवांत ठेवला असतानाही बोटे आपोआप फिरत होती. डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले आहे. त्यांनी अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला आणि त्यावरून सैनिकी वैद्यकीय मंडळाने, म्हणजे आपल्या बोलण्यातील मेडिकल बोर्डाने, त्यांस तपासणीसाठी बोलाविले. कागदांची पिशवी माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारले, “वकीलसाहेब, त्या दिवशी तिथं हात हललाच नाही तर?”

हा प्रश्न मी अद्याप विसरलो नाही. जो हात ते चारचौघांत खिशात लपवितात, लग्नकार्यात पंगतीला बसताना ज्या हातामुळे ते कोपऱ्यातली जागा शोधतात, तोच हात बोर्डापुढे कापावा अशी इच्छा धरण्याची पाळी एका सैनिकावर यावी! त्यांच्या संमतीने, परंतु त्यांचे नाव-गाव न सांगता, त्यांच्या प्रकरणाच्या आधारे मी आज आपल्या समाजाशी चार शब्द बोलणार आहे. कारण आष्टी, पाटोद्यापासून अंबाजोगाई, परळीपर्यंत आपल्या वस्त्यांतून माजी सैनिकांची घरे आहेत, आणि अशा घरांतून हक्क बुडतो तो बहुधा कायद्याच्या अभावी बुडत नाही. तो कायद्याच्या अज्ञानामुळे, कागदाच्या हेळसांडीमुळे आणि चुकीच्या ठिकाणी दाखविलेल्या मोठेपणामुळे बुडतो.

निवृत्तिवेतन आणि आपला इतिहास

बौद्ध बंधुभगिनींनो, सैनिकाच्या निवृत्तिवेतनाचे आपल्या चळवळीशी असलेले नाते आपण विसरता कामा नये. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. १८९४ च्या सुमारास ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर दापोली व सातारा येथे त्या कुटुंबाचा संसार चालला त्यात सैनिकी निवृत्तिवेतनाचा मोठा आधार होता. ज्या घरातून भारतीय राज्यघटनेचा शिल्पकार शाळेत गेला, त्या घराच्या चुलीत एका सैनिकाच्या सेवेचे मोल जळत होते. ती कोणाची मेहेरबानी नव्हती.

याच सैन्याचे दार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महार समाजासाठी बंद केले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेल्यांच्या नातवंडांना तुम्ही लढवय्ये नाही असे सांगण्यात आले. त्याविरुद्ध स्वतः सैनिकी पेन्शनर असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी लेखणी उचलली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विलायत सरकारकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यात आली. पुढे बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. म्हणजे सैन्यात प्रवेश मिळविण्यासाठी आपल्या पूर्वजांनी पन्नास वर्षे अर्ज लिहिले. त्या पूर्वजांचे वारस म्हणविणाऱ्या आपण, सेवेनंतरच्या हक्कासाठी एक अर्ज नीट लिहू नये, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट होय.

निवृत्तिवेतन ही खैरात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या प्रकरणात सांगितले आणि १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा प्रकरणातील निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ते कमावलेले असते. तेव्हा “सरकारपुढे हात कशाला पसरायचा?” असे म्हणणाऱ्या स्वाभिमानी माणसाला माझे सांगणे आहे की, आपले स्वतःचे मागणे याला हात पसरणे म्हणत नाहीत.

कायदा काय म्हणतो

अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी सामान्यतः दोन गोष्टी लागतात. पहिली, आजार सैनिकी सेवेमुळे झालेला असावा किंवा सेवेमुळे बळावलेला असावा. दुसरी, अपंगत्व निदान २० टक्के असावे. या दोन्ही प्रश्नांवर मत देण्याचे काम वैद्यकीय मंडळाचे. “सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही” असे एक ठरीव वाक्य मंडळाच्या कागदावर अनेकदा लिहिलेले आढळते. मज्जासंस्थेच्या आजारात तर ते फार वेळा आढळते.

या वाक्यावर सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीरसिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. हा जवान १९८५ साली भरती झाला, त्यास पुढे अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा, विकार जडला आणि २० टक्के अपंगत्व लिहून त्यास १९९४ साली घरी पाठविण्यात आले. निवृत्तिवेतन मात्र नाकारले. न्यायालयाने १९८२ च्या नियमांच्या आधारे सांगितले की, भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही तो आजार सेवेत उद्भवला असे सामान्यतः मानले पाहिजे. तो भरतीच्या वेळी कळण्यासारखा नव्हता असे मंडळाचे म्हणणे असेल तर त्याची कारणे मंडळाने लिहिली पाहिजेत. पुराव्याचा भार जवानावर नाही. आणि वाजवी शंकेचा फायदा जवानास मिळाला पाहिजे. आजार आघाडीवर असताना झाला की शांततेच्या ठाण्यावर, याने फरक पडत नाही, हेही सैन्याच्या वैद्यकीय सेवेच्या नियमांतच आहे. १३ फेब्रुवारी २०१५ रोजी राजबीरसिंग प्रकरणात न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा घेतली.

परंतु अर्धे सत्य सांगून वाचकांस झुलवीत ठेवणे हा वकिली धर्म नव्हे. २०१९ साली नरसिंग यादव प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, काही आजार भरतीच्या तपासणीत दिसूच शकत नाहीत, म्हणून वरील गृहीतक सर्वत्र डोळे मिटून लावता येणार नाही. शिवाय २००८ च्या नियमांत सेवा आणि आजार यांतील कार्यकारणसंबंध योग्य अधिकाऱ्यांनी प्रस्थापित करावा असा आग्रह आहे. आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून तर नवे नियम लागू झाले आहेत. आपल्याला कोणते नियम लागू, हे आपण सेवेतून कधी बाहेर पडलो यावर बहुतांशी अवलंबून असते. कंपवातासारख्या आजाराचे मूळ कारण वैद्यकशास्त्रालाही पुरते उमगलेले नाही. म्हणून “निकाल तुमच्याच बाजूने लागेल” असे जो वकील वा दलाल छातीठोकपणे सांगतो, त्याच्यापासून दूर राहावे. आपल्या हाती आहे ते एवढेच की, प्रकरण पुराव्याअभावी पडू द्यावयाचे नाही.

वाढत्या आजाराचे वैशिष्ट्य

गोळीची जखम बोर्डाला दिसते. तुटलेला पाय मोजता येतो. मज्जासंस्थेच्या वाढत्या आजाराचे तसे नाही. कंपवात असो, मल्टिपल स्क्लेरोसिस असो वा स्नायू झिजविणारा मोटर न्यूरॉनचा विकार असो, तो चोरपावलांनी येतो. कंपवातात हात कापण्याच्या कितीतरी आधी वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ जडतो, माणूस झोपेत ओरडतो, हातपाय झाडतो. चालताना एक हात हलत नाही. खांदा आखडतो. अक्षर बारीक होत जाते. या खुणांना कोणी आजार म्हणत नाही. वय झाले म्हणतात.

दुसरे असे की, हा आजार दिवसभर सारखा राहत नाही. औषध लागू असताना माणूस बऱ्यापैकी चालतो-बोलतो. औषधाचा जोर ओसरला की तोच माणूस खाटेवर कुशीसुद्धा बदलू शकत नाही. बोर्ड त्यास पाहते ती काही मिनिटे. त्या मिनिटांत तो नेमका चांगल्या अवस्थेत असला, तर बाकीचे तेवीस तास कागदावर येणार कसे? हवालदारसाहेबांच्या प्रश्नाचे मर्म हेच होते.

तिसरे, आजच्या टक्केवारीवर हा आजार थांबत नाही, वर्षागणिक वाढतो. याचा विचार नियमांनीही केला आहे. ३१ जानेवारी २००१ च्या शासकीय आदेशाप्रमाणे कायम स्वरूपाच्या अपंगत्वाची टक्केवारी एकदा ठरली की ती जन्मभरासाठी. वारंवार पुनर्तपासणी नाही. मात्र सैनिकाने स्वतः मागितली तर फेरतपासणी होऊ शकते. म्हणजे आजार वाढला तर बोलावणे आपोआप येणार नाही. अर्ज आपणच केला पाहिजे. ही एक ओळ ठाऊक नसल्यामुळे जुन्या टक्केवारीवर आयुष्य काढलेली माणसे मी पाहिली आहेत.

टक्केवारीच्या फरकाने काय होते तेही पाहा. अपंगत्वाचा भाग शंभर टक्क्यांस शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के या हिशेबाने धरतात. शेवटचे वेतन ४०,००० रुपये असेल तर शंभर टक्क्यांचे १२,००० होतात आणि ३० टक्क्यांचे ३,६०० होतात. परंतु २००१ च्या त्याच आदेशाने सेवेतून वैद्यकीय कारणाने काढलेल्यांसाठी ५० पेक्षा कमी टक्केवारी ५० धरण्याची, ५० ते ७५ ही ७५ धरण्याची आणि त्यावरील १०० धरण्याची पद्धत घातली, आणि १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार प्रकरणातील निकालाने तिचा लाभ मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. त्यामुळे ३,६०० च्या जागी ६,००० होतात. महागाई भत्ता निराळा. पण बोर्डाने १९ टक्के लिहिले तर साधारणपणे हाती शून्य! १९ आणि २० यांच्यामध्ये एका घराचे औषधपाणी असते.

आणि हा प्रश्न केवळ त्या एका सैनिकाचा नाही. सेवेमुळे झालेला वा बळावलेला म्हणून मान्य झालेल्या आजाराने पुढे मृत्यू आला आणि नियमांच्या अटी पूर्ण झाल्या, तर पत्नीस विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याचा दर वेतनाच्या ६० टक्के आहे; साध्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा सामान्य दर ३० टक्के. म्हणजे आजच्या बोर्डाच्या कागदावर उद्याच्या विधवेचे पोट लिहिलेले असते.

आपले तीन दोष

आता थोडे कठोर बोलतो. शासनाचे दोष आपण नेहमी दाखवितो, ते दाखविलेच पाहिजेत. परंतु हवालदारसाहेबांची पिशवी उलगडताना मला आपल्याच घरातील तीन दोष दिसले.

पहिला दोष “ठीक आहे, साहेब” हा. २०१५ साली निवृत्तीच्या वेळी त्यांची तपासणी झाली. त्याआधी वर्षभर उजवा खांदा आखडत होता. आजारी-नोंदवहीत दोनदा नोंदही झाली होती. पण बोर्डाने “काही त्रास?” असे विचारताच हा माणूस टाच जुळवून म्हणाला, “काही नाही, साहेब. ठीक आहे.” का म्हणाला? कारण चोवीस वर्षे तेच उत्तर शिकविले गेले होते. आणि त्याहून खोल कारण असे की, ज्या समाजाला दुबळा म्हणून हिणविले गेले, त्याच्या मुलाला आपण दुबळे दिसू नये याची भीती इतरांहून अधिक वाटते. ही भीती मी समजू शकतो. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेब स्वतः काठी आणि सहकाऱ्याचा खांदा यांच्या आधाराने उभे होते. लाखो लोकांनी त्यांना तसे पाहिले. त्यांचे मोठेपण त्यामुळे तसूभर कमी झाले काय? शरीराचे दुखणे सांगणे हा दुबळेपणा नव्हे.

दुसरा दोष भगताचा. हात कापू लागल्यावर कोणी म्हणाले करणी आहे, कोणी म्हणाले घराण्याचे दैवत कोपले आहे, धर्म सोडल्याची ही शिक्षा आहे. दीड वर्ष आणि चाळीस हजार रुपये अंगारेधुपारे करण्यात गेले. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणणारे हे घर. दीक्षेला अद्याप दहा वर्षेही झाली नव्हती. संकट आले की जुनी वाट पायांना आपोआप सापडते, म्हणून मी त्यांना दोष देत बसलो नाही. पण वाचकहो, यात धम्माची हानी झाली ती झालीच, शिवाय कायद्याचीही हानी झाली. भगत पावती देत नाही. त्या दीड वर्षाचा एकही वैद्यकीय कागद नाही. आजार केव्हा सुरू झाला, हा ज्या प्रकरणाचा कणा आहे, त्यातला नेमका पहिला काळ कोरा राहिला. गतजन्मीच्या पापाने आजार होतो ही कल्पना बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात का नाकारली, ते येथे व्यवहारात कळते. आजाराला कारण असते, ते मज्जातंतूंत असते, आणि ते शोधण्याची जागा रुग्णालय आहे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिल्या महिन्यात तेथपर्यंत गेले असते तर तारीख आणि शिक्का असलेला कागद हाती आला असता.

तिसरा दोष नावांचा. दीक्षेनंतर पुष्कळ घरांत नावे बदलतात; बदलावीतही. जुन्या अवहेलनेचे नाव टाकून सुजाता, गौतम ही नावे घेणे हा स्वाभिमान आहे. परंतु सैन्याच्या अभिलेखात पत्नीचे नाव एक, आधारपत्रावर दुसरे, बँकेत तिसरे, असा प्रकार या घरीही निघाला. बौद्ध पद्धतीने झालेल्या लग्नाची नोंदणीही केलेली नव्हती. पती जिवंत आहे तोवर हे खपून जाते. तो गेल्यावर त्याच्या पत्नीला तीच त्याची पत्नी आहे हे सिद्ध करीत हिंडावे लागते. नावात बदल केला की राजपत्रात प्रसिद्धी द्यावी, विवाहाची नोंदणी करावी, आणि रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयास व पेन्शन देणाऱ्या बँकेस लेखी कळवून पोच घ्यावी. धर्म बदलल्याने सैनिकाच्या निवृत्तिवेतनास कोणतीही बाधा येत नाही, हे ध्यानात ठेवून हे काम उघडपणे करावे.

तपासणीची तयारी

बोर्डापुढे जाण्याच्या तयारीविषयी जे हवालदारसाहेबांना सांगितले, तेच येथे सांगतो.

प्रथम कागद. सेवामुक्तीचे पुस्तक, पेन्शनचा आदेश, भरतीच्या आणि निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासण्यांचे कागद, सेवेतील आजारपणाच्या नोंदी, कोठे कोठे नेमणूक होती त्याचा तपशील. आपल्यापाशी नसेल ते अभिलेख कार्यालयाकडून मागावे. न दिल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. ते त्यासाठीच आहे. येथे विलंब घातक आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे पुराव्याचा भार सामान्यतः दावेदारावर नसतो. परंतु निवृत्तीनंतर पंधरा वर्षे उलटल्यावर, जुने कागद नष्ट झाल्यानंतर, दावा केला तर तो भार दावेदाराच्या डोक्यावर येतो. २०१५ ला निवृत्त झालेल्याने २०३० ची वाट पाहू नये.

दुसरे, आजाराची बखर लिहावी. कोणती खूण कोणत्या साली, कोठे असताना दिसली, ते आठवून एका वहीत उतरावे. पत्नीस विचारावे, तिला अधिक आठवते. हवालदारसाहेबांच्या पत्नीने ट्रंकेतून त्यांची जुनी पत्रे काढली. २०११ चे अक्षर टपोरे. २०१४ चे अक्षर ओळीगणिक बारीक होत गेलेले. कंपवातात अक्षर असेच आकसते. पुढे बँकेने सही जुळत नाही म्हणून परत केलेली पैसे काढण्याची पावतीही तिने जपून ठेवली होती. कोणाही वकिलाला सुचला नसता असा पुरावा त्या कमी शिकलेल्या बाईंनी साड्यांच्या घडीत सांभाळला होता! मज्जारोगतज्ज्ञाला तो दाखवून, आजाराची सुरुवात केव्हाची असावी याविषयी त्यांचे कारणांसहित लेखी मत घ्यावे.

तिसरे, औषधाची वेळ. बोर्डापुढे आजार ठळक दिसावा म्हणून औषध बंद करण्याचा सल्ला काही दलाल देतात. हा सल्ला दुष्ट आहे. कंपवाताचे औषध एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. औषध नेहमीच्या वेळी घ्यावे आणि बोर्डास स्पष्ट सांगावे की, अमुक वाजता गोळी घेतली, तिचा परिणाम इतके तास टिकतो, त्यानंतर अशी अवस्था होते. महिनाभर आधीपासून रोजची नोंद ठेवावी: गोळीची वेळ, अंग आखडण्याची वेळ, किती वेळा पडलो. घरच्या मुलाने फोनवर वाईट वेळेची चित्रफीत काढून डॉक्टरांना दाखवावी आणि डॉक्टरांनी पाहिलेले त्यांच्या कागदावर नोंदवून घ्यावे. “त्या दिवशी हात हललाच नाही तर?” या प्रश्नाचे उत्तर हेच. हात हलला नाही तरी वही बोलेल.

चौथे, बोलणे. “फार त्रास आहे” या शब्दांना बोर्डापुढे अर्थ नाही. रोजची कामे सांगावीत. सदऱ्याची गुंडी लावता येते काय? भाकरी मोडता येते काय? पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत जाईतो किती सांडते? रात्री कूस बदलण्यास कोणाला हाक मारावी लागते? जे आहे तेवढेच सांगावे. कमी नको आणि अधिकही नको. खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी बांधते. दुखणे फुगवून सांगणे जसे असत्य, तसे दुखणे असताना “ठीक आहे” म्हणणे हेही असत्यच. गैरवापर होतो या आरोपावरून नियम कडक होत आहेत; एका खोट्या दाव्याची शिक्षा दहा खऱ्या रुग्णांना भोगावी लागते, हे दलालाच्या नादी लागणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

पाचवे, कागदावर सही करण्यापूर्वी काय लिहिले आहे ते वाचावे, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणावे, आणि निष्कर्षाची प्रत मागावी. प्रवास झेपत नसेल तर गैरहजर न राहता वैद्यकीय दाखला जोडून पुढील तारीख लेखी मागावी.

आणि एक गैरसमज काढतो. जिल्हा रुग्णालयाचे दिव्यांग प्रमाणपत्र हे निराळ्या कायद्याचे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या दोहोंचा समावेश आहे, म्हणून ते अवश्य काढावे. त्याचे लाभ वेगळे आहेत. परंतु ते मिळाले म्हणजे सैनिकी बोर्डाचे काम झाले असे नव्हे.

नकार आला तर

नकार आला तर घरी बसू नये. पहिले अपील सहा महिन्यांच्या आत, त्यानंतर दुसरे अपील, आणि त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे एक पीठ मुंबईस आहे. तेथे जाण्याची मुदतही अंतिम आदेशापासून सामान्यतः सहा महिनेच आहे. उशीर झालाच असेल तरी निवृत्तिवेतनाचा हक्क दरमहा नव्याने उद्भवतो असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तरसेमसिंग प्रकरणात मानले आहे. मात्र अशा वेळी थकबाकी साधारणपणे मागील तीनच वर्षांची मिळते. म्हणजे उशिराची किंमत असते आणि ती रुपयांत मोजता येते.

विहारांचे काम

शेवटी विहारांच्या चालकांस माझी एक सूचना आहे. बाबासाहेबांनी १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली ती केवळ वंदना म्हणण्यासाठी नव्हे. प्रत्येक गावच्या विहारात महिन्यातून एक सायंकाळ कागदवाचनासाठी ठेवावी. ज्यांच्या घरी माजी सैनिक आहे, विधवा आहे, अपंग आहे, त्यांनी आपली पिशवी घेऊन यावे. शिकलेल्या मुलामुलींनी ती वाचावी, तारखांची यादी करावी, नावे जुळतात की नाही ते पाहावे. याला वकील लागत नाही. ऊसतोडीला सहा-सहा महिने घर सोडून जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात कागद हरवतात ते घरांना कुलपे असताना. त्यांच्या प्रती विहाराच्या कपाटात राहिल्या तर कोणाचे काय बिघडेल?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने पीडित एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून सोबतचे भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याचे अंग धुतले, त्यास खाटेवर निजविले आणि संघाला आजाऱ्याची सेवा करण्याचा नियम घालून दिला. आजारी माणसाला त्याच्या उपयोगावरून मोजावयाचे नाही, हा त्या नियमाचा अर्थ आहे. पंगतीत कोपरा शोधणारा तो हवालदार आपल्या संघातलाच आहे.

हा मजकूर लिहीत असता त्यांच्या तपासणीची तारीख पुढेच आहे. निकाल काय लागेल हे मी सांगू शकत नाही. वही मात्र भरत आली आहे. त्यांची अक्षरे वाचता येत नाहीत म्हणून आता पत्नी लिहितात, आणि दर पानाखाली ते स्वतः सही करतात. सही बारीक आहे, वाकडी आहे. ती तशीच राहू द्या, असे मी त्यांना सांगितले आहे.

जयभीम.